खिळ्यांचं लाकूड

संघप्रिया गमरेच्या गाळ्यात नवीन आलेला माणूस आधी विचारायचा, "मिस्त्री कुठे आहेत?" ती हातातली कानस खाली न ठेवता म्हणायची, "बोला." तेवढ्यावर भागायचं. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चिंचोळ्या गाळ्यात चेनसॉ म्हणजे साखळीच्या करवती, गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप असं सगळं दुरुस्तीला यायचं. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आठ वर्षं काढून तिने हा गाळा घेतला होता. आता झाडं छाटणाऱ्या ठेकेदारांपासून पनवेलच्या बागायतदारांपर्यंत सगळे तिचं नाव विचारत यायचे.

एप्रिलच्या शेवटी हौसेराव आले. कोपरखैरण्याला त्यांची लाकडाची वखार होती. स्मशानभूमीला आणि लादीपावाच्या बेकऱ्यांना त्यांच्याकडून जळण जायचं. माणूस मूळचा पाटणचा, तीस वर्षं इथे राहूनही बोलणं तिकडचंच. त्यांनी बरोबर आणलेली चेनसॉ टेबलावर आदळली.

"ताई, ही मेली बघा. सरळ कापतच न्हाई. उजवीकडं पळती, धूर काढती."

संघप्रियाने झाकण उघडलं. आत तेलकट भुशाचा काळा थर बसला होता. तिने साखळीवरून अंगठा फिरवला.

"मेलेली नाही, काका. तुम्ही मारत आणलीय. डाव्या बाजूचे दात बोथट, दोन तर तुटलेलेच. उजव्या बाजूचे धड आहेत. मग ती उजवीकडेच ओढणार. चेनला तेल कुठलं घालता?"

"ट्रकचं काढलेलं असतंय की."

"जळकं तेल. त्यातल्या कचऱ्याने तेलाचं भोक बुजलंय आणि साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी घासून गेलीय. भुसा कसा पडतो हल्ली? पिठासारखा?"

"पिठावानीच."

"धार असली की ढलप्या उडतात. पीठ पडायला लागलं की थांबायचं आणि कानस घ्यायची. तुमची माणसं थांबत नाहीत, जोर लावतात."

हौसेराव स्टुलावर बसले. मग म्हणाले, "अंकुशनं जोरच लावला व्हता. मागल्या आठवड्यात. मशीन उसळून मांडीवर आली. चौदा टाकं पडलं."

संघप्रियाचा हात थांबला. अंकुशला ती ओळखत होती. साखळ्या घेऊन तोच यायचा, दारात चप्पल काढून उभा राहायचा. तो शुद्धीवर होता का, चालतोय का, हे तिने आधी विचारलं. बरा आहे, महिनाभर घरी बसावं लागेल, असं हौसेराव म्हणाले.

"म्हणून ठरवलंय," ते पुढे म्हणाले. "रस्ता रुंद करताना तोडल्याली दोनशे झाडं घेतलीत. समदी पावसाच्या आत फोडून रचली पायजेत, न्हाईतर बुरशी धरंल. न्हावा शेव्याला एका यार्डात मोठं मशीन आलंय. एका बाजूनं ओंडका घालायचा, दुसऱ्या बाजूनं फोडलेलं जळण. माणसाचा हातच लावायला नको. तुमी फक्त येऊन इंजिन ऐका."

"इंजिन ऐकते. पण येताना तुमच्या वखारीतले दोन ओंडके टेम्पोत घ्या. मी निवडते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वखारीत गेली. दत्तू तिथला जुना लाकूडतोड्या, कोपरखैरणे गावातला. तो कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत राहिला. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री असे ओंडके एकावर एक पडले होते. ती एकेक टोक निरखत, वाकून बघत फिरली आणि शेवटी दोन बुंध्यांवर खडूने फुली मारली.

"हे गाठीचं हाय," दत्तू म्हणाला. "मना विचारशील त चांगलं ने."

"चांगलं कोणीही कापेल, दत्तूदादा. वाईट घेऊन जाऊ."

यार्ड कंटेनरांच्या उंच भिंतींमागे होतं. तिथला श्यामसुंदर जुनी परदेशी यंत्रं विकायचा. गडी बोलका होता, पण खोटं बोलणारा वाटला नाही. त्याने यंत्र सुरू केलं. मोटारगाडीच्या चाकाएवढं गोल पातं फिरायला लागलं, निलगिरीचा सरळसोट ओंडका पट्ट्यावरून पुढे सरकला, कापला गेला, चार फाका होऊन पलीकडे पडला. हौसेरावांचे डोळे लकाकले. संघप्रियाने इंजिनाला कान दिला. आवाज एकसारखा होता. यंत्रात खोट काढायला खरंच जागा नव्हती.

"मशीन उत्तम आहे," ती म्हणाली. श्यामसुंदर हसला. "आता आमचं लाकूड बघा."

टेम्पोतून रेन ट्रीचा बुंधा खाली उतरवला. श्यामसुंदरचा माणूस तो पट्ट्यावर चढवायला निघाला, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"पातं बंद करा आधी."

"का ताई? दाखवतो ना."

तिने बुंध्याच्या कापलेल्या टोकावर बोट ठेवलं. पिवळट तपकिरी लाकडात तळहाताएवढा निळा-काळा डाग होता, शाई सांडल्यासारखा. "इथे आत लोखंड आहे. ते गंजलं की असा डाग पडतो," ती म्हणाली, आणि टेम्पोतली कुऱ्हाड आणि पटाशी मागून घेतली. डागाच्या कडेने तिने घाव घातले. हौसेराव मदतीला पुढे झाले, तिने मानेनेच नको म्हटलं. पाचसहा मिनिटांत ढलपी निघाली आणि आत चार इंच लांबीचा गंजलेला खिळा दिसला. त्याला पत्र्याचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"क्लासची पाटी असेल," ती म्हणाली. "नाहीतर भाड्याने खोली देण्याची. रस्त्यावरच्या झाडाला कोण काय ठोकत नाही? पाट्या, दिवाळीच्या माळांचे हूक, जाळीची तार. झाड वाढतं आणि सगळं पोटात घेतं. काका, तुमच्या साखळ्यांचे दात दर आठवड्याला तुटतात ते यानेच. साखळीचा दात गेला तर मी गाळ्यात बदलून देते." ती श्यामसुंदरकडे वळली. "या पात्याचा दात गेला तर?"

श्यामसुंदरने खिळा हातात घेऊन उलटासुलटा केला. "उडेल," तो म्हणाला. "गोळीसारखा. आणि पातं इकडे मिळत नाही, मागवायला लागतं." मग स्वतःहूनच म्हणाला, "हे मशीन तुमच्या कामाचं नाही, हौसेराव. निलगिरीवाल्याला देतो."

हौसेरावांचा चेहरा पडला. दोनशे झाडं आणि महिनाभराची मुदत त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत असणार. पण संघप्रिया आधीच यार्डाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती. तिथे ताडपत्रीखाली ओंडके फोडायचं एक उभं यंत्र होतं. जाड लोखंडी पाचर, ती खाली दाबणारा हायड्रॉलिक दांडा, थ्री-फेज मोटर. पातं नाही, काही गरगर फिरत नाही.

"याला खिळ्याची फिकीर नाही," ती म्हणाली. "हे लाकूड कापत नाही, फाडतं. आणि उभं आहे म्हणजे ओंडका जमिनीवरून नुसता ढकलायचा, उचलायचा नाही. वखारीत थ्री-फेज आहेच तुमच्याकडे."

तिने मोटर चालू करायला लावली, तेलाच्या नळ्या चाचपल्या, दांडा चार वेळा वरखाली करून बघितला. मग तिचं लक्ष यंत्र चालवायच्या, हाताने दाबायच्या दोन दांड्यांकडे गेलं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय पाचर खाली येऊ नये, अशी त्यांची रचना होती. कुणीतरी त्यातला एक दांडा तारेने कायमचा बांधून ठेवला होता.

"एका हातानं लाकूड धरता येतंय मग," हौसेराव म्हणाले. "काम झटाझटा व्हईल."

"आणि तो धरलेला हात पाचरीखाली जाईल." तिने खिशातून पक्कड काढली, तार तोडली आणि खाली टाकली. "मला विचारून घेताय ना? मग हे असंच राहील. कुणी परत बांधलं तर मला बोलवायचं नाही."

हौसेरावांनी मान डोलावली. "अंकुशच्या आईपुढं परत उभं ऱ्हायचं न्हाई मला," ते हळूच म्हणाले.

यंत्र वखारीत आलं आणि पहिल्याच दिवशी अडलं. बेचक्याचा एक ओंडका पाचरीने निम्मा फाडला आणि तिथेच गच्च धरला. पाचर ना खाली जाईना ना वर. माणसं गोळा झाली. संघप्रियाने दाब मोजला, तो बरोबर होता. ती दोनदा दोन्ही दांडे दाबून थांबली. यंत्राचं तिला कळत होतं, या लाकडाचं कळत नव्हतं.

"दत्तूदादा, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

दत्तू सकाळपासून लांब बसून होता. तो उठला, ओंडक्याभोवती एक फेरी मारली. "उलटा घातलाव तुमी. बुडखा वर पायजे. आन बेचक्याला मधी नाय घुसायचं, कडंकडंनी सोलत यायचं." त्याने दोन लाकडी पाचरी ठोकून फट रुंद केली, ओंडका सुटला. उलटा करून कडेने लावला तेव्हा तो चार दाबांत मोकळा झाला. त्यानंतर कुठला ओंडका कसा ठेवायचा ते दत्तूच सांगायला लागला, आणि दुपारी दोन्ही दांड्यांवर त्याचेच हात होते.

लांबी कापायला चेनसॉ लागणारच होत्या. संघप्रियाने दोन ठेवल्या. बुंध्यांसाठी एक जड, आणि फांद्यांसाठी एक हलकी, छोट्या पट्टीची. मॉलच्या दारात वॉचमनकडे असतो तसला हातातला डिटेक्टरही तिने आणला. दत्तू प्रत्येक ओंडक्यावरून तो फिरवायचा आणि वाजला की खडूने खूण करायचा. "बॅग उघडा, म्याडम," असं तो ओंडक्याला म्हणायचा आणि वखार हसायची. खूप खोलवरचं लोखंड डिटेक्टरला कळत नसे. त्या महिन्यात दोन साखळ्या गेल्याच. पण आधी आठवड्याला एक जायची.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंकुश कामावर आला, किंचित लंगडत. संघप्रियाने त्याच्यासाठी साखळी पायात घुसू न देणारी जाड पँट मागवली होती. त्याने ती घातली, हलकी चेनसॉ उचलली आणि तसाच उभा राहिला. दोरी ओढायला त्याचा हात होईना.

"आधी धार लाव," ती म्हणाली. "प्रत्येक दातावर तीनदा कानस, एकाच दिशेने. सगळे दात सारखे झाले की सांग."

तो अर्धा तास बसून एकेक दात घासत राहिला. ती घाई न करता शेजारच्या यंत्राचं ग्रीस बघत होती. मग त्याने स्वतःहून मशीन सुरू केलं. सोनमोहराच्या फांदीवर नुसतं टेकवलं, तसं ते आपल्या वजनानेच आत उतरलं आणि त्याच्या पायांवर जाड ढलप्या पडल्या. अंकुशने वर बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण हात स्थिर होते.

मेच्या अठ्ठाविसाव्या तारखेला शेवटचा बुंधा फुटला. पत्र्याखाली जळण छातीएवढं रचलं होतं, मधे वारा खेळायला फटी ठेवून. हौसेरावांनी चहा मागवला. म्हणाले, "दर सोमवारी येऊन मशिनी बघत जावा. पैसं काय म्हणाल ते."

"येते. पण धार मी लावणार नाही. जो मशीन चालवेल तो रोज सकाळी लावेल. आणि जळकं तेल वखारीच्या बाहेर."

"कालच दिलं भंगारवाल्याला," दत्तू मधेच म्हणाला.

संघप्रिया हसली, चहा संपवला. वाशीच्या एका ठेकेदाराच्या तीन चेनसॉ गाळ्यात खोलून पडल्या होत्या आणि संध्याकाळी तो न्यायला येणार होता. तिने स्कूटरला किक मारली.