शिरवळचं रंधा मशीन

सांगलीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना नाथाजी मिस्त्री दांडीला धरून क्षणभर तसेच थांबले. महिन्याभरातलं हे चौथं मशीन. गुडघे ठणकत होते. पुढं निघालेली पल्लवी मागं वळून काहीतरी विचारत होती, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. हल्ली मान हलवणं सोपं पडायचं.

पल्लवी उंब्रजची. नवरा सैन्यात, आसामात. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती मधपेट्या बनवायची आणि महाबळेश्वर, पाटणकडचे मधपाळ त्या घेऊन जायचे. पेटीतली चौकट सूतभर जरी कमीजास्त झाली, तरी माशा ती मेणानं चिकटवून टाकतात. मग मधपाळ पेटी परत आणून आपटतो. हातरंध्यानं सगळ्या फळ्या एकसारख्या निघेनात, म्हणून तिला रंधा मशीन हवं होतं, जुनं का असेना. आणि त्या भागात जुनं मशीन घ्यायचं म्हटलं की लोक आधी नाथाजींना घेऊन जात. सव्वीस वर्षं ते साताऱ्याच्या एका फर्निचर कारखान्यात फिटर होते. मशीन सुरू केलं की डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "डाव्या अंगाचं बेअरिंग. सा म्हैने काढंल." ते सहाच महिने काढायचं.

माधवनगर रस्त्याला जयराज नावाच्या माणसाचं गोडाऊन होतं. बंद पडलेल्या वर्कशॉपांतली मशिनं आणायची, रंग मारायचा आणि विकायची, हा त्याचा धंदा. दारातच हिरव्याकंच रंगाचं रंधा मशीन उभं होतं.

"या मिस्त्री! तुमचं नाव लय ऐकलंय," जयराज म्हणाला. "एकदम टकाटक माल हाय. च्या सांगू?"

"आधी मशीन," नाथाजी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून लोखंडी पट्टी काढली आणि टेबलावर उभी, आडवी, तिरपी धरून खालून उजेड दिसतो का पाहिलं. टेबल सपाट होतं. मग बेअरिंग ज्यात बसतं त्या बिडाच्या घरावर तळहात ठेवला. कोमट लागलं. म्हणजे हे लोक यायच्या आधीच जयराजनं मशीन चालवून तापवून ठेवलं होतं. थंड मशीन सुरू होताना खरं बोलतं, हे त्यालाही ठाऊक असणार. नाथाजींनी बटण दाबायला सांगितलं, डोळे मिटले, मान किंचित कलती केली.

काहीच नाही. लांब कुठंतरी गिरणी चालू असावी तशी एक घरघर, बस्स. त्यातला बारीक सूर, ज्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं, तो कुठंच नव्हता. त्यांनी डोळे उघडले. काय बोलायचं ते त्यांचं एसटीतच ठरलं होतं. शिरवळला, साताऱ्याला, विट्याला जे बोलले तेच.

"बेअरिंग गेलंय. चल पोरी."

पण पल्लवी जागची हलली नाही. ती मशीनकडं वाकून ऐकत होती.

"व्हय तात्या, चरचरतंय. वाळू वाटल्यागत." आणि मग तिनं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "पण मग शिरवळला का आला न्हाई असला आवाज? तिथं मला कायच ऐकू आलं न्हवतं. तिथंबी तुमी बेअरिंग गेलंय म्हणालात."

जयराज हसला. "आवं ताई, पट्टा नवीन हाय, त्येचा आवाज हाय त्यो. बसंल आठ दिसात."

मशीन बंद करायला लावून नाथाजींनी पट्टा उतरवला आणि पात्यांचा दांडा हातानं हळूहळू फिरवला. बोटांना ते लगेच कळलं: गुळगुळीत फिरता फिरता मध्येच खरखर, पुन्हा गुळगुळीत, पुन्हा खरखर. पोरीनं बरोबर ऐकलं होतं. त्यांनी बेअरिंगच्या घराखाली बोट घातलं. ताज्या रंगाखाली वेल्डिंगचा ओघळ लागला. बिडाचं घरच तडकलेलं होतं आणि वरून हिरवा रंग.

"बेअरिंग बदलता येतं," ते जयराजला म्हणाले. "ह्ये बदलता येत न्हाई. हे उडालं तर समोरच्या माणसाच्या छातीत बसंल. तुला ठावं हाय, तवाच तर रंग जाड मारलायस."

जयराजचं हसू गेलं. "बघा बाबा, घ्यायचं तर घ्या. जबरदस्ती न्हाई," म्हणून तो आत निघून गेला.

स्टँडवर पल्लवीनं दोघांसाठी चहा घेतला. तिनं शिरवळचा प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि तेच नाथाजींना जड गेलं.

"मला ऐकू येत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "बारका आवाज तर अजिबात न्हाई. तीन वर्सं झाली."

ती बाकड्यावर त्यांच्याजवळ सरकली.

"मागल्या दिवाळीला खंडाळ्याच्या वीरधवलला मी लाकूड कापायचा एक बँडसॉ घेऊन दिला. चांगला हाय म्हणालो. मला कायच ऐकू आलं न्हवतं, म्हणून चांगला म्हणालो. आठ दिसात बेअरिंग जाम झालं, पातं तुटलं, त्येच्या हाताला अकरा टाके पडले. त्यो विकणाऱ्याला शिव्या देत बसला आणि मी गप बसलो. तवापासनं कुठलंबी मशीन दाखवा, मी खराबच म्हणतो. खराब म्हणलं की कुणाचा हात जात न्हाई."

"म्हणजे शिरवळचं चांगलं होतं?"

"मला म्हाईत न्हाई. त्येच तर सांगतोय."

पल्लवीनं कप खाली ठेवला. "महिना झाला तात्या. वीस पेट्यांचं काम परत पाठवलं मी. तुमच्या शब्दावर." तिचा आवाज चढला नव्हता, पण नाथाजींना शब्दन् शब्द ऐकू आला. "आधी सांगायचं की. मी काय हाकलून दिलं असतं?"

मिस्त्री म्हणून ज्याला लोक लांबून न्यायला येतात, त्यानं कान गेला म्हणून कसं सांगायचं? घरी बायको टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडायची, तर हे तिच्यावरच चिडायचे. उंब्रजला उतरताना पल्लवी एवढंच म्हणाली, "सोमवारी शिरवळला जाऊ. पिशवी घेऊन या."

सोमवारी वाटेत शिरवळच्या अलीकडं नाथाजींनीच खंडाळ्याला उतरायचं ठरवलं. वीरधवलचं दुकान रस्त्यालगतच होतं. त्याच्या मनगटावरून वर गेलेला लाल वण दिसत होता. नाथाजी उभ्याउभ्याच सगळं बोलले. बसले असते तर बोलणं झालं नसतं. वीरधवल हातातल्या फळीचा कोपरा घासत राहिला.

"त्या विकणाऱ्याच्या दारात जाऊन मी भांडून आलोय मिस्त्री," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर." मग तो पुन्हा फळीकडं वळला. पाणी विचारलं नाही, जा असंही म्हणाला नाही. नाथाजीच निघाले. रस्ता ओलांडताना पल्लवीनं त्यांच्या कोपराला धरलं, कारण डावीकडून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांनी ऐकला नव्हता.

शिरवळचं मशीन होतं तिथंच होतं, एका बंद शेडमध्ये ताडपत्रीखाली. मालक साईराज पूर्वी दारं-खिडक्या करायचा. आता कंपनीत कामाला होता. मशीन थंडगार होतं. रंग उडालेला, एका पायाला गंज. साईराजनं ते सुरू केलं.

"डोळं मीट," नाथाजी पल्लवीला म्हणाले. "मोटार सोड, ती समदीच वरडतात. तिच्या खाली बारीक काय हाय त्ये ऐक. डावीकडं आधी."

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ तिच्या कानामागच्या हाडाला लावायला सांगितली. ती ऐकत होती तोवर त्यांनी टेबलाच्या कडेवर एक नाणं उभं ठेवलं. नाणं उभंच राहिलं, म्हणजे मशीनला थरथर नव्हती.

"एकसारखं हाय," ती म्हणाली. "पाणी व्हायल्यागत. मधीच कुठं तुटत न्हाई."

"उजवीकडं?"

"थोडं जाड वाटतंय. पण चरचर न्हाई."

मशीन बंद करून त्यांनी दांडा हातानं फिरवला. उजवीकडं ग्रीस सुकलं होतं, एवढंच. बेअरिंग शाबूत होतं, आणि महिनाभरापूर्वीही शाबूतच असणार. जाडी कमीजास्त करायचा स्क्रू मात्र झिजला होता. चाक फिरवलं की अर्धा फेरा रिकामा जायचा. ते त्यांनी तिला दाखवलं आणि काय ठरवते ते बघत बाजूला झाले.

पल्लवीनं पिशवीतून आपली एक फळी काढली, दोनदा मशीनमधून घातली, चौकटीच्या खाचेत बसवून पाहिली, पुन्हा एकदा घातली.

"अर्धा फेरा ध्यानात ठेवून चालवीन मी," ती साईराजला म्हणाली. "टेम्पो कवा मिळंल?"

साईराज फोन लावत बाहेर गेला. नाथाजी लाकडाच्या ढिगावर बसले. पल्लवी मशीनभोवती फिरून कुठला बोल्ट कुठं सोडायचा ते पाहत होती. तिनं काहीतरी विचारलं.

"मोठ्यानं बोल," नाथाजी म्हणाले. "आलं न्हाई."