पिवळ्या पट्टीशी अडलेला चमत्कार

त्या शुक्रवारी दवाखान्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोफोरिदुआ शहराचा अर्धा बाजार आपापल्या टोपल्या झाकून तिथं लोटला होता आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीला लागले होते. टीव्हीवर काय, तर नावांचा तक्ता! रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर येत्या आठवड्यात कोणाची पाळी कधी, एवढंच त्यात होतं. वशिल्याला वाव नको म्हणून डॉक्टर लार्बींनी तो सर्वांना दिसेल असा लावला होता आणि पासवर्ड घालून कुलूपबंद केला होता.

भक्त ज्याला 'पापा' म्हणत, त्या संदेष्टा झेबुलुननं आधी गर्दीतल्या एकाला बोलावून तक्त्यात काहीतरी टाइप करायला लावलं. पान संरक्षित आहे, असं सांगून कॉम्प्युटरनं त्याला वाटेला लावलं. मग झेबुलुननं माइक तोंडाशी धरला.

"ज्यानं लाल समुद्र दुभंगला, त्याला एक्सेल जड जाईल?"

"नाही, पापा!"

"देवाला पासवर्ड लागतो?"

"नाही, पापा!"

त्यानं कॉम्प्युटरवर तेल शिंपडलं. दवाखान्यातल्या कारकून ओफोसुला कीबोर्डवर हात ठेवून डोळे मिटायला सांगितलं आणि 'उघड!' म्हणून आरोळी ठोकली. कापडवाल्या मिसेस सेकिमांचं नाव गुरुवारातून उठलं आणि सोमवारात जाऊन बसलं. बायका रडायला लागल्या, पुरुष नाचायला लागले.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या आफ्रिये आक्रोमाला मात्र या नाचात भाग घ्यावासा वाटेना. सोमवारी तिच्या भावाचं, ओबिरीचं, नाव होतं. ते आता गुरुवारात गेलं होतं. वर गेलेल्या नावाकडे सगळ्यांनी पाहिलं, खाली आलेल्याकडे कोणी बघायला तयार नव्हतं. तिला राग आला. आणि डोळे मिटलेल्या ओफोसुची बोटं कळांवर इतकी नेमकी कशी पडली, हाही किडा डोक्यात वळवळायला लागला.

घरी ओबिरी सुजलेले पाय लांब करून बसला होता. हातात झेबुलुननं दिलेली मंतरलेल्या पाण्याची पिशवी. डॉक्टरांनी त्याला घोट मोजून प्यायला सांगितलं होतं.

"पाळी मागं गेली, म्हणजे माझाच विश्वास कमी पडला, ताई. पापा म्हणाले, पीत राहा."

"तुझी किडनी बंद आहे, डोकं तर चालू आहे ना?" ती ओरडली आणि पिशवी ओढून घेतली. मग तिलाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना गाठलं. पासवर्ड आपल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, असं ते ठासून म्हणाले. जरा वेळानं घुटमळत म्हणाले, ओफोसुला तेवढा दिला होता. दर आठवड्याला तक्ता पुढं सरकवायचं बटण त्यानं बनवलं होतं, आणि पासवर्डावाचून ते कुलूपबंद पानावर चालेना. दोघांनी मिळून त्या बटणामागच्या सूचना उघडल्या. त्यांच्याखाली ओफोसुनं गुपचूप लिहिलेल्या आणखी चार ओळी निघाल्या. ओबिरीला डॉक्टरांनी सोमवारीच रात्रीची जादा पाळी दिली, तक्त्याला हात न लावता. बाकी शुक्रवारपर्यंत गप्प राहायचं ठरलं.

शुक्रवारी तीच गर्दी, तेच तेल. डॉक्टरांनी सहज म्हणून तक्ता बंद केला आणि त्याची पेन ड्राइव्हवरची प्रत उघडली. मूळ फाइलला ओफोसुनं कधीच परवानगी देऊन ठेवली होती, पण ही प्रत कॉम्प्युटरला नवी होती. पडद्यावर वरच्या बाजूला पिवळी पट्टी आली: यातल्या सूचना थांबवल्या आहेत, परवानगी द्यायची का? ओफोसुचा हात सवयीनं माउसकडे गेला. आफ्रियेनं तो धरला.

"राहू द्या, दादा. देवाला पासवर्ड लागत नाही, मग या पट्टीची परवानगी कशाला?"

ओफोसुनं हात मागं घेतला. झेबुलुननं बाटली रिकामी केली, 'उघड' म्हणून घसा बसवून घेतला. एकही नाव हललं नाही.

"इथं अविश्वासाचा आत्मा शिरलाय," तो म्हणाला.

"तो मीच," असं म्हणून आफ्रियेनं पट्टीवर परवानगी दिली आणि गुरुवारातल्या एका नावावर क्लिक केलं. "मी उपास केलेला नाही. सकाळी भरपेट मक्याचं केंके आणि मासे खाऊन आलेय." तिनं तीन कळा एकदम दाबल्या. नाव टुणकन सोमवारात गेलं आणि सोमवारातलं खाली आलं.

मग तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला आधीच शिकवून ठेवलेलं काम. ओफोसुनं पासवर्डची किल्ली या मॅक्रोच्याच खिशात घातली होती. कळा दाबल्या की तो कुलूप काढतो, नावांची अदलाबदल करतो आणि पापणी लवायच्या आत कुलूप परत लावतो. आपल्याला दिसतं फक्त बंद कुलूप. पट्टीवर परवानगी दिली नाही, तर मॅक्रो झोपलेलाच राहतो आणि त्याच्याबरोबर झेबुलुनचा देवही.

मिसेस सेकिमा उठून उभ्या राहिल्या. "मग त्या सोमवारी मी कोणाच्या जागेवर झोपले होते?"

भिंतीला धरत ओबिरी पुढं आला. ताईनं ओढून घेतलेली ती पाण्याची पिशवी त्यानं तिच्याकडून मागून घेतली आणि झेबुलुनच्या हातात ठेवली.

"पापा, आता हे तुम्हीच प्या."

लोकहो, यंत्राला भिऊ नका आणि त्याला नवससुद्धा बोलू नका. त्याला कोणी काय शिकवलंय ते विचारा. आणि कोणाचं नाव चमत्कारानं वर चढलं, तर टाळ्या वाजवण्याआधी खाली कोण आलं ते बघा. तो माणूस बहुधा तुमच्या शेजारीच बसलेला असतो.