श्वासाची चुगली

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही घरात जावईबापू म्हणतो. त्यात आदर शोधू नये. मोबाइलसमोर उभं राहून लोकांनी काय खावं ते शिकवणं, हा त्यांचा धंदा. पाव, भात, बटाटा, केळं, साखर, सगळं त्यांच्या मते विष. माणसानं चरबीवर चालावं आणि वरून प्रोटीनची पावडर प्यावी, की झाला पोलादी. स्वतः मात्र एक मजला चढायचा तरी लिफ्टची वाट बघत उभे राहतात.

बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, म्हणून मी गप्प राहिले असते. पण त्यांनी प्रयोगाला धरली ती माझी बहीण. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी झालं होतं, उरली होती मनोऱ्याची परीक्षा. खांद्यावर पाण्याच्या नळीचं भेंडोळं घेऊन सरावाच्या मनोऱ्याचे जिने न थांबता चढायचे. वयात बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष, यंदा हुकलं की कायमचं हुकलं.

आणि गेल्या वर्षी सरावात हसत चढणारी ही पोरगी यंदा मधल्याच मजल्यावर बसायला लागली. पाय शिशाचे होतात म्हणाली. जावईबापूंनी निदान केलं की मन कमकुवत आहे, आणि पावडरचा एक चमचा वाढवला.

मी खेळाडूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हे ऐकून माझं डोकं फिरलं. दोघांना समोर बसवून सांगितलं. शरीर चरबीही जाळतं आणि साखरही, दोन्ही एकदमच. सावकाश चाललं तर चरबीचा वाटा मोठा. ती अंगावर भरपूर असते, संपता संपत नाही, पण तिची आच मंद. ओझं घेऊन जिने चढायचे तर झपाट्यानं पेटणारं लागतं, आणि ते म्हणजे भात-पावातून येऊन स्नायूंत साठलेली साखर. तो साठा रिकामा असला तर चरबीचं कोठार भरलेलं असूनही पाय उचलत नाहीत. प्रोटीनचं खरं काम डागडुजीचं. शरीरावर त्याचं सरपण करायची वेळ आली, तर ते स्वतःचे स्नायू मोडायला लागतं, म्हणजे चूल पेटवायला दाराची चौकट तोडण्यातला प्रकार. जावईबापू माझ्याकडे दयेनं बघत होते. ताई, तुमचं शिक्षण आता जुनं झालं, म्हणाले.

वर त्यांनीच सुचवलं की मला तुमच्या मशीनवर घ्या, माझं शरीर निव्वळ चरबीवर चालतं हे जगाला दाखवू. त्यांना त्याचा व्हिडिओ करायचा होता. आयतं चालून आलेलं गिऱ्हाईक मी कशाला सोडू?

मशीन साधं आहे. तोंडावर मुखवटा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं. प्राणवायू किती वापरला आणि कार्बन डायऑक्साइड किती बाहेर टाकला, यांच्या गुणोत्तरावरून अंगात काय जळतंय ते कळतं. नुसती चरबी असेल तर आकडा पॉइंट सातच्या आसपास, नुसती साखर असेल तर एक.

बहीण मोबाइल धरून उभी. जावईबापू रमतगमत चालत होते, मधूनच अंगठा दाखवत होते. आकडा पॉइंट नऊच्या वर गेला आणि तिथेच बसला. मी नळ्या तपासल्या, मशीन पुन्हा जुळवून घेतलं, त्यांना पुन्हा चालवलं. तेच. इतक्या सावकाश चालीला इतकी साखर जाळणारा माणूस गोडधोड हाणून आलेला असतो.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं मशीन बिघडलंय म्हणाले. म्हणून मी बहिणीला पट्ट्यावर चढवलं. तिचा आकडा पॉइंट बहात्तर. कित्येक महिन्यांत पावाचा तुकडाही तोंडात न घातलेल्या बाईचा श्वास होता तो. पट्ट्याला चढ दिला तर थोड्याच वेळात ती कठडा धरून थांबली.

लाज असती तर गृहस्थ मान खाली घालून बाहेर गेले असते. ते पडद्याजवळ आले, आणि मुखवट्यात चेहरा कुठे ओळखू येतो, हाच आकडा माझा म्हणून दाखवू या का, असं त्यांनी मला हसत विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो खातो ते. गाडीच्या डिकीत बिस्किटांचे पुडे असतात. कधीपासून बघतेय मी."

"मग तू कशाला उपाशी मरत होतीस?"

ती घाम पुसत होती. "इतकी माणसं त्याचं ऐकतात, ताई. घरातल्या एकानं तरी ते नीट पाळलं, तर ते अगदीच खोटं ठरणार नाही, असं वाटायचं."

नवऱ्याचं झाकायला माणसं फार तर खोटं बोलतात, ही उपाशी राहिली होती. जावईबापूंची मला शिसारी होतीच, त्यातली थोडी हिच्याही वाट्याला गेली आणि मग मला रडूच आलं.

तिनं नवऱ्यापुढे हात केला. "डिकीची किल्ली दे."

गाडीमागे उभी राहून तिनं एक अख्खा पुडा संपवला. तो व्हिडिओ डिलीट केलास ना, असं जावईबापू दारातून विचारत होते. परीक्षेला अजून अवकाश होता. जड सराव थांबवून दोन-तीन दिवस पोटभर भात-बटाटे खाल्ले तरी साठा भरतो, असं मी सांगितलं. परीक्षेपर्यंत ती माझ्याकडेच राहिली आणि माझ्या दुप्पट जेवली.

परीक्षेच्या दिवशी जावईबापू मोबाइल काठीला लावून हजर. लाइव्ह करणार होते. बहीण भेंडोळं खांद्यावर टाकून निघाली आणि मधला मजला कधी मागे पडला ते कळलंही नाही. वर पोचून तिनं भेंडोळं खाली ठेवलं, परीक्षकानं शिट्टी वाजवली. ती पास झाली होती. खाली जावईबापूंनी मोबाइल स्वतःकडे वळवून सुरुवात केली, की मंडळी, ही माझ्या आहाराची कमाल.

"तुझ्या डिकीतली बिस्किटं खाऊन चढलेय मी," ती कठड्यावरून वाकून म्हणाली. "ते पण सांग त्यांना."

तिला धापसुद्धा लागली नव्हती, त्यामुळे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. रांगेतले उमेदवार हसायला लागले. जावईबापू मोबाइलवर बटण शोधत होते आणि लाइव्ह चालूच होतं.