कुंपणावरचं दूध

तापाची साथ आली तसं खालच्या वस्तीभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं. वस्तीतली माणसं रंगानं काळी. वरच्या आळीतले गोरे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'कोळसे' म्हणत आलेले. ताप वरही होता, सरपंचाचा थोरला खोकून खोकून बेजार झाला होता. पण कुंपण खालीच. दुधाच्या किटल्या तेवढ्या शिपाई काठीनं पलीकडे ओढून घ्यायचा.

"आपलं दूध चालतंय, आपण चालत नाही," गवळणीची जाऊ म्हणाली.

 गवळणीची लेक गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांआड तापानं फणफणत पडलेली. तपासणारे आले की गवळण सरळ सांगायची, घरात कोणी आजारी नाही. नवऱ्याला त्यांनीच गाडीत घालून नेलं होतं. तो मेल्याचा निरोप आला, पण कुठं पुरला ते कोणी सांगितलं नाही.

दिवस कलला आणि पोरीची छाती घरघरायला लागली. ओठ निळे पडले. गवळण अनवाणी कुंपणाशी धावली.

"दादा, डॉक्टरांना बोलवा हो! पोर जातेय माझी!"

"काल तर म्हणालीस कोणी आजारी नाही! साहेब सरपंचांकडे चहाला बसलेत. मागे हो!" शिपायानं काठी आडवी धरली.

संध्याकाळच्या किटल्या कुंपणाशी भरून ठेवलेल्या होत्या. गवळणीनं आपली लाथेनं उलथवली. जावेनं तिची. मग साऱ्या वस्तीनं. दुधाचा चिखल झाला.

"जा, सांग वर," जाऊ ओरडली. "डॉक्टर येईस्तोवर थेंब मिळायचा नाही!"

शिपाई पळाला. डॉक्टर आले, हातमोजे चढवून पोरीची नाडी धरताच चिडले. "अगं, आधी का नाही दाखवलीस?"

"नवरा दाखवला होता साहेब. कुठंय तो?"

डॉक्टर शिपायाकडं वळले. "गाडीत घ्या हिला," एवढंच म्हणाले.

वस्तीतल्यांनी खाट गाडीत चढवली, मागोमाग गवळणही चढली.

"आजाऱ्याशिवाय कोणी नाही. उतर!" शिपाई खेकसला.

"उतरत नाही. धरा हाताला नि काढा खाली."

शिपाई पुढं झाला आणि थबकला. त्यानं ड्रायव्हरकडं पाहिलं, ड्रायव्हरनं डॉक्टरांकडं. कोळशांच्या बाईला हात कोण लावणार?

शेवटी दार लागलं. पोरीचा श्वास अडकत, ओढत चालला होता. गवळणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी कुठं निघालीय, तिला ठाऊक नव्हतं. मागच्या फटीतून ती एकेक वळण डोक्यात बसवत राहिली. परत चालत यावं लागलं, तर वाट माहीत हवी.