गोठ्यातला खोकला

साळूबाईचं लग्न झालं एक्क्याऐंशी साली, हसनाबादच्या भरल्या घरात. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नाही, म्हणून कडूबा गोठ्यातून खोकायचा. एकदा, मोठ्यानं. की ही पाण्याचा तांब्या घेऊन निघायची. बाई गं, काय ते दिवस! सासूला वाटलं, पोराची छाती बिघडली. तिनं अडुळशाचा काढा सुरू केला. तोंड वाकडं करून प्यायचा बिचारा, पण खोकायचं काही सोडलं नाही.

तोच कडूबा आता, पंचवीस वर्षांनी, नव्या जालन्यातल्या दवाखान्यात अँजिओप्लास्टीच्या बंद दाराआड पडला होता. सकाळी छाती आवळून आली, तर घरच्यांनी गॅस म्हणून ओवा चावायला दिला. दरदरून घाम फुटला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन साळूबाई सारखी दटावत होती, "बोलू नका. खोकू बी नका, बिलकुल! छातीला हिसका बसंल."

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळीत रक्ताची मोठी गाठ अडकलीय. जांघेतून बारीक नळी घालून ती ओढून काढू, माणूस जागाच राहील. साळूबाई बाकड्यावर जीव मुठीत धरून बसली. शेजारी थोरले दीर, आबाराव. त्यांच्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता.

एकाएकी दार उघडून नर्स बाहेर आली. "गाठ निघाली, पण नळीतून रक्त पुन्हा वाहू लागलं तशी नाडी मंदावली. नाडी वर यावी म्हणून डॉक्टर खोका म्हणून राह्यले, तर काका मानेनं न्हाई म्हणतेत. कोणी बजावलं त्यांना?"

कोणी काय, साळूबाईनंच! पदर घसरला, दीर बसलेत याचं भान राहिलं नाही. दाराशी धावत जाऊन ती ओरडली, "अहो, खोका! मी सांगून राह्यले ना, खोका! जोरात!"

आबारावांनी मान खाली घातली.

मग आतून खोकला आला. एकदा, मोठ्यानं. पुन्हा एकदा.

"हां, आता नाडी बराबर चालली," आतून डॉक्टर म्हणाले.

साळूबाईला रडू फुटलं. तिनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला, आणि बाकड्यावरची पाण्याची बाटली उचलून सरळ दाराकडे निघाली.

"मावशी, आत न्हाई जाता येत," नर्स म्हणाली.

"अवं, पण ते बोलावून राह्यले ना मला!"