बिनदातांची करवत

मी करवत बोलतेय. थांबा, सुताराची नव्हे. त्या माझ्या लांबच्या बहिणी, दात विचकून लाकडावर तुटून पडणाऱ्या. मला एकही दात नाही आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. मी फरशी कापते. माझ्या पात्याखाली वाळू पसरा, वरून पाण्याची बारीक धार सोडा, दोन टोकांना दोघे बसून मला ओढा आणि मग गंमत बघा. मात्र ज्याला घाई आहे त्याने माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म बडोद्याचा, मांडवीजवळच्या एका लोहाराच्या भट्टीतला. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव ठोकून ठोकून त्याने माझं पातं काढलं आणि सागवानी चौकटीत ताणून बसवलं. सयाजीराव महाराजांच्या राज्यात तेव्हा शहरात जिकडे तिकडे बांधकामं चालली होती. शाळा उठत होत्या, कचेऱ्या उठत होत्या. संगमरवर कापायला मला रोज बोलावणं असे. माझा रुबाब काय सांगू!

मग मुंबईहून सिमेंटच्या रंगीत, नक्षीच्या फरश्या येऊ लागल्या. त्या छिन्नीने चटकन तुटतात, तेव्हा माझी गरज कुणाला? शियाबागेतल्या माझ्या मालकांच्या, जगदेवरावांच्या घरात मी खुंटीला टांगली गेले आणि त्यांची बायको कुसुमावती माझ्या चौकटीवर ओले पंचे वाळत घालू लागली. मी ते मुकाट्याने सोसलं. माणसं गरज पडेपर्यंत वर बघत नाहीत, पण गरज पडल्यावाचून राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जगदेवरावांचे आजोबा गायकवाडांच्या फौजेत शिलेदार होते. नातू गवंडीकाम करतो याबद्दल भाऊबंद नाकं मुरडत. जगदेवरावांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. त्यांना सलत होतं ते वेगळंच. हात त्यांचा आणि नाव दुसऱ्या मिस्त्रीचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एके दिवशी ते दारातूनच ओरडत आले. "अहो, ऐकलंत का! ओखामंडळातल्या दवाखान्याची फरशी मला मिळाली. बाळंतिणींची खोली आहे."

ओखामंडळ म्हणजे बडोदे राज्याचं पार समुद्राला टेकलेलं टोक. तिथल्या एका खेड्यात दवाखाना नवा बांधला होता. बांधकाम खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं, फरशी मनासारखी झाली तर पुढची कामं जगदेवरावांच्या नावावर निघतील. बिघडली तर पुन्हा त्या मिस्त्रीच्या हाताखाली. फरश्या मुंबईहून गलबताने परस्पर तिकडे जायच्या होत्या, त्याही मोजक्या. दोन-तीन जादा होत्या; त्याहून जास्त फुटल्या तर बदली मिळणार नव्हती.

त्या दुपारी सतरंजीवर हत्यारं मांडली गेली. छिन्न्या, हातोड्या, पक्कड, कानस. रेल्वे संपल्यावर पुढे बैलगाडीचा रस्ता, म्हणून ओझं बेताचं हवं. सोबतीला कुसुमावतीचा धाकटा भाऊ पिलाजीराव निघाला होता. पिळदार मिशांचा गडी, आणि कुठल्याही अडचणीला त्याचं एकच उत्तर, "बधुं थई जशे!" सगळं होऊन जाईल!

"छिन्न्या घेतल्या की झालं," जगदेवराव म्हणाले.

कुसुमावती भाजी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "तिथे लोहार आहे का?"

"त्या खेड्यात? कुठला असणार!"

"मग छिन्नीची धार गेल्यावर काय, पिलाजीच्या दातांनी तोडणार का फरशी?" तिने माझ्यावरचा पंचा ओढून काढला. "हिला न्या. हिला धारच नाही, तर जाईल कशी?"

"आक्का, हिला वाळू लागते, पाणी लागतं," पिलाजीराव म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला. "अरे, पण आपण तर समुद्रावरच चाललोय ने! वाळूला नि पाण्याला काय तोटा?"

सगळे हसले. मीही हसले. बडोद्याची माणसं ती! नळ फिरवला की आजव्याच्या तलावाचं पाणी घरात. पाणी कुणी लांबून आणतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात येणार तरी कशी?

आम्ही तिथे पोचलो आणि पहिला दणका भिंतींनी दिला. खोली काटकोनात नव्हतीच. एक कोपरा आत, एक बाहेर. म्हणजे कडेच्या साऱ्या फरश्या तिरप्या कापायला हव्या होत्या आणि त्यांची टोकं निमुळती निघणार होती. जगदेवरावांनी अलगद छिन्नी चालवली. फरशीचं टोक पटकन मोडलं. दुसरीचंही तेच झालं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाटच बघत होते.

पिलाजीराव धावत जाऊन समुद्राची बादली भरून घेऊन आला. जगदेवरावांनी शहाणपणा केला, आधी मोडलेल्या तुकड्यावर मला चालवलं. मी तुकडा लोण्यासारखा कापला. तो उन्हात वाळवला, तर कापलेल्या कडेने पांढरा लोणा, म्हणजे मिठाचा थर, फुटला आणि नक्षीतलं तांबडं फूल पीठ माखल्यासारखं दिसू लागलं.

"कोण बघायला येतंय इतक्या लांब?" पिलाजीराव म्हणाला.

"मी बघतोय ना," जगदेवराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तीही टेकाडापलीकडे. वालबाई नावाची एक करारी म्हातारी रोज तिथून या दोघांना पिण्यासाठी एक घडा आणून देई. दुसऱ्या दिवशी जगदेवरावांनी त्याच घड्यातलं पाणी कपाने माझ्यावर सोडलं. वाळू कोरड्या ओढ्यातून आणली होती. मी सुरसुर चालू लागले. एवढ्यात वालबाई रिकामा घडा न्यायला आली. तिने जे पाहिलं ते तिला सोसवलं नाही.

"आ तो पीवानुं पाणी छे, भाई!" ती कडाडली. "मारी वहु पेटथी छे, तोय माथे घडो लईने टेकरी चढे छे. ने तमे पथराने पाओ छो?"

आम्ही पिण्याचं पाणी दगडाला पाजत होतो, आणि तिची सून पोटुशी असून तशा अवस्थेत डोक्यावर घडा घेऊन टेकाड चढत होती. जगदेवराव खाली मान घालून उभे राहिले. शिलेदाराचा नातू, पण एका म्हातारीपुढे मान वर होईना. अखेर ते मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाले, "माजी, ही खोली तुमच्या सुनेसाठीच आहे. पण तुमचं पाणी यापुढे फरशीला लागणार नाही. शपथ घेतो."

त्यांनी मला पुसून भिंतीला टेकवलं. काम थांबलं. पिलाजीरावाच्या मिशासुद्धा उतरल्या. तो म्हणाला, "दाजी, समुद्राच्या पाण्याने उरकू या आणि निघू या." नाव गेलं तरी चालेल, पण लोणा फुटलेली फरशी मागे ठेवून जाणार नाही, असं जगदेवरावांच्या मनाने घेतलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला. मी मात्र धीर सोडला नव्हता. ज्या गावात माणसं पाणी पितात तिथे मी चालणारच.

सकाळी वालबाई आली ती दोन घडे घेऊन. जगदेवराव नको नको म्हणू लागले. तिने हातानेच गप्प केलं. बाया विहिरीवर गेल्या की आधी घडा विसळतात आणि ते पहिलं पाणी ओतून देतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं. आज वालबाई विहिरीवर उभी राहिली होती आणि प्रत्येकीच्या हातून ते पहिलं पाणी तिने आपल्या घड्यांत ओतून घेतलं होतं.

"आ तो अमे ढोळी ज देता'ता," ती म्हणाली. एवीतेवी सांडायचंच होतं, मग हे घ्या.

मग मी चालले! माझ्याखाली परात ठेवली. गळलेलं पाणी निवळायचं, पंच्यातून गाळायचं आणि पुन्हा माझ्यावर सोडायचं. जगदेवराव एका टोकाला, पिलाजीराव दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी टेकाडावरून घडे येत राहिले. निमुळत्या टोकांच्या फरश्या एकामागून एक निघाल्या आणि एकीचंही टोक मोडलं नाही. मी झिजत होते, पण झिजणं हेच तर माझं कापणं आहे.

काम पुरं झालं तेव्हा साहेब पाहायला आले. कडेकडेने फिरले, वाकून सांध्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या दवाखान्याचं काम तुमच्या नावावर काढतो." जगदेवरावांना मिस्त्री म्हणणारा तो पहिला माणूस. पिलाजीराव माझ्या कानाशी पुटपुटला, "बधुं थई गयुं!"

साहेब गेले आणि गावच्या बाया आल्या. सगळ्या उंबऱ्याबाहेरच थबकल्या. फरशीवर सिमेंटची धूळ बसली होती, रंग नीट दिसत नव्हते. वालबाई पुढे झाली. तिच्या डोक्यावर भरलेला घडा होता, पिण्याच्या पाण्याचा. जगदेवराव "माजी, नको!" म्हणेपर्यंत तिने तो सगळा घडा फरशीवर उपडा केला. तांबडी, हिरवी, पिवळी फुलं एकदम उमलून आली. जगदेवराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना रडू आवरेना.

त्यानंतर मी खूप गावं पाहिली. आता माझं पातं इतकं अरुंद झालंय की पुढच्या एखाद्या कामात ते तुटेल. तुटू द्या, माझी तक्रार नाही. मी भरपूर कापलं आणि सरळ कापलं. फक्त एवढं ऐका. कधी त्या दवाखान्यात गेलात तर चपला बाहेर काढून आत जा. त्या फरशीच्या कडांत एका तहानलेल्या गावाचं गोड पाणी मुरलेलं आहे.