शेवटच्या ओळीतले नाव

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारातल्या चौकातून मला क्रेनने उचलले. रस्ता रुंद करायचा होता. वाहतूक थोडा वेळ थांबली, रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले आणि मला ट्रकमध्ये आडवे ठेवून महापालिकेच्या गोदामाच्या आवारात नेले.

मित्रांनो, मी एक जुना स्मृतिफलक आहे. पांढऱ्या संगमरवराचा. इथून लढाईवर गेलेल्या सैनिकांची नावे माझ्यावर कोरलेली आहेत. परत न आलेल्यांची वर, परत येऊन म्हातारपणी गेलेल्यांची खाली. मला बसवले तेव्हा मनीमाजरा स्वतःला गावच समजत होते. चंदीगडचे सेक्टर अजून त्याला येऊन भिडले नव्हते.

माजी सैनिकांच्या समितीचा एक रिवाज होता. डिसेंबरातल्या एका सकाळी सगळे माझ्यासमोर उभे राहत. सुभेदार करनैलसिंग एकेक नाव मोठ्याने घेत आणि त्या घरातले कोणीतरी 'हाज़िर' म्हणे. गेलेल्या माणसाच्या वतीने त्याच्या घराने हजेरी द्यायची. मी कितीतरी कापऱ्या आवाजांतली 'हाज़िर' ऐकली आहे.

शेवटच्या ओळीत 'हवालदार रघुवीर शेडगे' हे नाव होते. रघुवीर मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खटावकडचा. एकाहत्तरच्या लढाईत त्याने आणि करनैलसिंगांनी सिग्नलच्या एकाच तुकडीत टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. निवृत्तीनंतर मित्राच्या आग्रहाने तो इथेच राहिला आणि बाजारात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवू लागला. तो वारला तेव्हा समितीत कोणी म्हणाले, हा तर बाहेरचा. करनैलसिंगांनी काठी आपटली.

"नाल लड़या सी, नाल ही लिख्या जाऊ."

सोबत लढला होता, सोबतच लिहिला जाईल. आणि माझ्यावर शेवटची ओळ कोरली गेली.

रघुवीरची बायको आनंदी. तिच्या नवऱ्याच्या अस्थी नदीत गेल्या होत्या, खटावचे घर दिरांकडे गेले होते. त्याचे नाव लिहिलेली जगातली एकच जागा तिच्याजवळ उरली होती, ती म्हणजे मी. ती दर सणाच्या आधी यायची. घरी देव उजळतात, तशी मला उजळायची. स्टीलच्या वाटीत भिजवलेली चिंच, नारळाची शेंडी आणि पाण्याची बादली. सगळ्या नावांवरून ती ओले फडके फिरवायची, पण चिंच फक्त शेवटच्या ओळीला.

"बघा, कसं लख्ख निघालं," असे ती नवऱ्याला सांगायची. "तुमचा सुभेदार म्हणतो, वहिनी, आमचीपण घासा. म्हटलं, तुमच्या घरची काय झोपल्यात?"

पितळेला चिंच मानवते. संगमरवराला ती खाते. पहिल्या वर्षी अक्षरांतला काळा रंग गेला. पुढे अक्षरांच्या कडा बोथट झाल्या. दर खेपेला माझी थोडी पांढरी भुकटी तिच्या बादलीच्या पाण्याबरोबर गटारात जात होती. नाव जितके फिके दिसे, तितकी ती जास्त घासायची. मला तोंड असते, तर मी ओरडलो असतो.

करनैलसिंग गेले. करोनाच्या वर्षात डिसेंबरचा कार्यक्रम बंद पडला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. आता रस्त्याच्या निमित्ताने नव्या समितीने उद्यानात काळ्या ग्रॅनाइटचा नवा फलक उभारायचे ठरवले. माझा फोटो काढला आणि त्यावरून नावे कोरून घेतली. फोटोत शेवटची ओळ दिसलीच नाही.

नव्या फलकावर रघुवीरचे नाव नाही हे कळल्यावर गुरुवारी आनंदी गोदामात आली. बरोबर तिची मुलगी चिन्मयी होती. ती मोहालीत नोकरी करते. तिला मराठी सगळे कळते, पण आईशी ती लहानपणापासून हिंदीतच बोलते. समितीचा अध्यक्ष हरजोतही आला होता.

"माताजी, इसमें तो नाम है ही नहीं. आप खुद देख लो."

"है जी. धूळ बसली आहे. मिट्टी है. मैं अभी निकालती."

"और माताजी, बुरा मत मानना, अंकल जी तो वैसे भी बाहर के थे ना?"

"बाहर के?" आनंदी म्हणाली. "तेरे दादा को पूछ, किसके साथ थे."

हरजोतचे आजोबा माझ्यावर वरून तिसऱ्या ओळीत आहेत. तो हसला, मग फोन आला म्हणून बाजूला गेला.

आनंदीने पिशवीतून वाटी काढली, माझ्याजवळ गुडघे टेकले आणि घासायला लागली. चिन्मयी आधी नुसती बघत होती. मग तिने खाली वाकून माझ्यावर हात फिरवला. वरच्या ओळी गुळगुळीत होत्या, शेवटची खरखरीत. तिने चिंचेच्या वाटीकडे पाहिले. तिच्या फ्लॅटमध्ये संगमरवरी ओटा आहे. बसवणाऱ्याने बजावले होते, की याला लिंबूसुद्धा लागू देऊ नका.

"आई, रहने दो."

"थांब गं, दिसेल आता."

"आई, प्लीज़. मत घिसो."

तिने आईचे मनगट धरले. आनंदीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे. बोटे माझ्या भुकटीने पांढरी झाली होती.

"चिनू, मीच पुसलं का गं ते?"

"नाही गं आई," चिन्मयी म्हणाली. "पावसानं गेलं ते. इतकी वर्षं उघड्यावर होतं ना."

आईशी तिला मराठीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. आनंदीनेही कदाचित. तिने वाटी पिशवीत ठेवली, पण उठली नाही. चिन्मयीने आईच्याच पदराने आईचे हात पुसले.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा दगड असेल. त्याच्याकडे कोणी फिरकत नसेल, तर तुम्ही जा. पण जाल तेव्हा साधे पाणी आणि मऊ फडके न्या. दुसरे काही नको.

जाण्याआधी चिन्मयीने हरजोतला गाठले. नव्या फलकावर खाली नाव कोरायला जागा आहे, असे तो म्हणाला, पण समितीला विचारावे लागेल. "देखते हैं दीदी, पक्का कुछ नहीं कह सकता." नव्या फलकाचे अनावरण रविवारी सकाळी आहे.

आज शनिवार. गोदामाच्या माणसांनी मला भिंतीला टेकवून ठेवले आहे, अक्षरांची बाजू आत. दुपारी त्यांच्यातला एक जण सांगत होता, की उद्यानातल्या फलकावर कापड चढवले आहे. त्याआधी कोणी छिन्नी घेऊन आले होते का, हे त्याला ठाऊक नव्हते.